खुणेची दोरी

आमच्या गावात झाड पाडायचं म्हटलं की झाडाआधी माणसं गोळा होतात. सहाला दोर निघतो आणि सव्वासहाला कुंपणावर वीस डोकी. कुणी दात घासत, कुणी कमरेचा मुंडू गुडघ्यावर खोचून, कुणी कडेवर पोर घेऊन. आणि एकूण एकाला झाड पाडण्यातलं कळतं. जन्मात शेवग्याची शेंग तोडली नसेल, पण "अरे, उजवीकडून काप!" हे सांगायला सगळ्यांत पुढे. जिभेला हाड नाही ते असं. मी रागानंच सांगतोय, कारण या ओरडण्यापायी एक माणूस गेलाय, आणि दुसऱ्यानं कानांत कापूस घालून एकोणतीस वर्षं काढली आहेत.

तो दुसरा म्हणजे आमचा अवराच्चन. त्याचा धंदा एका ओळीत सांगता येतो: दोर धरणे. आता कुणी म्हणेल, त्यात काय मोठं? तर मोठं आहे. आमच्याकडे घराला घर नि झाडाला झाड चिकटलेलं. मागच्या अंगणातला फणस पाडायचा तर खाली तुमचं स्वयंपाकघर आणि पलीकडे शेजाऱ्याची पाण्याची टाकी. उभं झाड आडवं करायला जागाच नसते. वरून एकेक फांदी उतरवावी लागते. चढणारा करवत घेऊन वर जातो, कापायच्या फांदीला दोर बांधतो, तो वरच्या बेचक्यातून खाली सोडतो. खाली त्या दोराला एखाद्या माडाभोवती अडीच वेढे पडतात आणि टोक येतं अवराच्चनच्या उजव्या हातात. हात सैल केला की फांदी उतरते, आवळला की थांबते.

डाव्या हातात असते दुसरी दोरी. सुतळीएवढी बारीक. तिचं वरचं टोक चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेलं. ही खुणेची दोरी. एक झटका आला की थांबायचं, दोन आले की सोडायचं. यंत्राच्या करवतीच्या गोंगाटात नि कुंपणावरच्या कालव्यात वरच्याला खालच्याशी बोलायला एवढी एकच वाट. म्हणजे चढणाऱ्याचा जीव झाडावर नसतो, तो खालच्या माणसाच्या डाव्या तळहातात असतो.

आणि अवराच्चनचा डावा तळहात मेला होता. उजवाही.

ओणमच्या सुमारास त्याला कळलं. ओट्यावर बसून बिडी ओढत होता. जळकट वास आला म्हणून त्यानं आत जाऊन चूल पाहिली. चूल थंड. मग पाहतो तर बिडी बोटांपर्यंत जळत आलेली आणि बोटाला फोड आलेला. दवाखान्यातल्या मुलीनं डोळे मिटायला लावून सुई टोचली आणि दर वेळी विचारलं, "कळलं?" अवराच्चननं दोनदा थाप मारली, "कळलं." दोन्ही वेळा तिनं टोचलंच नव्हतं. साखर, म्हणाली ती. आधी पायांत गेली असणार, आता हातांत आली आहे. पाय बधिर आहेत हे त्याला वर्षभर ठाऊक होतं. पण पायांनी कुणी दोर धरतं का? म्हणून त्यानं मनावर घेतलं नव्हतं.

बायको जाऊन सात वर्षं झालेली. मुलगी परदेशात नर्स. ती रविवारी फोनवर विचारायची, "अप्पा, गोळ्या घेता ना?" हा म्हणायचा, "घेतो, घेतो." घरात दुसरं कुणी बघणारं नव्हतं, त्यामुळे लपवायला कष्टही पडले नाहीत.

दोरावर मात्र कष्ट पडत होते. त्यानं एक युक्ती काढली. खुणेची दोरी हातात धरल्यासारखी दाखवायची, पण टोक दातांत धरायचं. दातांना झटका कळतो. पान खातोय असं दाखवून त्यानं अशी चार झाडं उतरवली. बारकी होती, निभावलं. पण जड फांदीचा भार आला की माणूस आपोआप दात आवळतो, आणि आवळलेल्या दातांना काही कळत नाही. हे त्याला तिसऱ्या झाडालाच समजलं. त्या दिवशी घरी जाऊन त्याला जेवण गेलं नाही. दर वेळी तो मनाशी म्हणायचा, हे एक होऊ दे, मग सांगून टाकू. ते एक झालं की पुढचं ठरलेलं असायचं.

सांगायचं कुणाला, तर प्रसन्ननला. वर चढणारा तो. चौतीस वर्षांचा, आमच्या पंचक्रोशीत त्याच्यासारखा चढणारा नाही. आणि इथंच सगळी गोम आहे, कारण प्रसन्ननचा बाप वेलायुधन अवराच्चनच्याच दोरावरून गेला.

एकोणतीस वर्षांपूर्वी देवळाच्या वाटेवरचा जुना आंबा उतरवत होते. फांदी तुटून उलटी फिरली. कुंपणावर पन्नास माणसं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "सोड!" आणि अवराच्चननं सोडला. वर वेलायुधनचा पाय दोराच्या वेढ्यात अडकला होता. फांदीबरोबर तोही खाली आला. पोलीस आले, पंचायतीची माणसं आली, सगळ्यांनी विचारलं, काय झालं? अवराच्चन म्हणाला, "हात सुटला." तेवढंच. ओरडण्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. गावानं वर्षानुवर्षं तेच घोळवलं, अवराच्चनचा हात सुटला. तेव्हापासून तो दोर धरायच्या आधी दोन्ही कानांत कापूस कोंबतो. लोक विचारायचे, सर्दी झाली का? तो म्हणायचा, हो.

पुढे प्रसन्नन अठराचा झाला आणि म्हणाला, मीही चढणार. रक्तातच होतं, त्याला कोण काय करणार! त्याची आई कार्त्यायनी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती अवराच्चनच्या दारात येऊन उभी राहिली. सगळ्या आळीनं कान टवकारले. ती त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायची. म्हणाली, "चेट्टा, पोरगा ऐकत नाही. चढला तर तुमच्याच दोरावर चढेल. दुसऱ्याच्या नाही." लोकांनी तोंडात बोटं घातली. नवऱ्याचा जीव ज्याच्या हातून गेला, त्याच्याच हातात पोरगा? कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "एकदा सुटलेला हात पुन्हा सुटत नाही."

आता तुम्हीच सांगा, त्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगावं, की बाई, आता सुटेल?

आणि त्यात हे एलिकुट्टी टीचरच्या घरचं झाड आलं. रानफणस. दोघांच्या कवेत न मावणारा, साठेक हात उंच, गेल्या वादळात मुळासकट कलंडून थेट टीचरच्या स्वयंपाकघरावर झुकलेला. टीचर निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गातलाच. त्यांनी अवराच्चनला बोलावून बजावलं, "झाड न्या, पण माझी कौलं फुटता कामा नयेत. असली मंगलोरी कौलं आता मिळत नाहीत." अवराच्चननं वर पाहिलं. घरावर आलेली एक फांदी होती, तीच एखाद्या झाडाएवढी. हिला दात पुरणार नाहीत, हे त्याला तिथंच कळलं.

बुधवारचा दिवस ठरला. रविवारी चर्चमधून तो घरी न जाता कार्त्यायनीकडे गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला होता. प्रसन्नन घरी नव्हता. तिनं उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि तारलीचं लाल कालवण वाढलं. हा खात राहिला. "कालवण छान झालंय," म्हणाला. मग म्हणाला, "यंदा वारा फार आहे." मग पुन्हा म्हणाला, "कालवण छान झालंय."

"चेट्टा, काही बोलायचंय का?" कार्त्यायनीनं विचारलं.

"छे, छे. सहज आलो."

तिनं काळा चहा आणला. स्टीलच्या ग्लासात, नुकताच उकळलेला. तिनं स्वतः तो पंच्याच्या टोकात धरून आणला होता. अवराच्चननं ग्लास मुठीत घेतला आणि मांडीवर हात ठेवून निवांत बसून राहिला. वाफ निघत होती. कार्त्यायनी त्या मुठीकडे बघत राहिली. दोर धरून धरून घट्टे पडलेला हात, तिनं मनाची समजूत घातली. पण समजूत घातली म्हणून मन ऐकतंय थोडंच!

मंगळवारी संध्याकाळी अवराच्चन आणि प्रसन्नन झाडापाशी गेले. पाडायच्या आदल्या दिवशी जाऊन झाडाला विचारायचं, ही आमच्याकडची रीत. प्रसन्नननं बुंध्याशी पणती लावली आणि हात जोडून म्हणाला, "जे कुणी इथं राहत असाल, पाखरं, भुतं, नाग, उद्या काम आहे. रात्रीतून बिऱ्हाड हलवा. राग धरू नका." अवराच्चननं छातीवर क्रूसाची खूण केली. प्रसन्नन हसून म्हणाला, "चेट्टा, पंचायतीची नोटीस यायला तीन महिने लागले. आपली एका पणतीत पोचते."

तेव्हाही सांगता आलं असतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. प्रसन्नन म्हणाला, "काय?"

"काही नाही. ती मोठी फांदी जरा जपून."

"तुम्ही खाली असताना मला कसली काळजी?" असं म्हणून प्रसन्नन सायकलवर टांग टाकून गेला. अवराच्चनला वाटलं, त्यापेक्षा यानं थोबाडीत मारली असती तर बरं.

बुधवारी साडेसहाला प्रसन्नन चढला. वारा होताच. कुंपणावर नेहमीची मंडळी, पुढे दुकानवाला चाक्को, हातात चहाचा ग्लास. "आधी शेंडा घे रे!" त्यानं सुरुवात केली. टीचरना आम्ही पुढच्या अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. अवराच्चननं कापूस घातला, माडाला वेढे दिले, खुणेची दोरी दातांत धरली. लहानसहान तीन फांद्या नीट उतरल्या. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि ते काही उन्हामुळे नव्हतं.

मग ती मोठी फांदी. प्रसन्नननं दोर बांधला, खालून खाच घेतली, वरून करवत लावली. निम्मी कापून तो करवत थांबवून दम घेत होता, तेवढ्यात अवराच्चनच्या डाव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं. कार्त्यायनी! नवरा गेल्यापासून ही बाई झाड पाडतात त्या जागी कधी फिरकली नव्हती. करवतीचा आवाज आला तरी घरात जाऊन दार लावून घ्यायची. घामानं निथळत होती. पहिली बस चुकली म्हणून चालत आली होती.

तिनं त्याच्या दातांतली दोरी पाहिली. मग त्याच्या कानातला कापूस काढला आणि विचारलं, "दातांत का?"

तो वर बघत होता. नजर काढायची सोय नव्हती. दोरी दातांत तशीच धरून तो पुटपुटला, "तू इथं कशाला आलीस?"

"हे बघा."

त्यानं क्षणभर खाली पाहिलं. त्याच्या डाव्या बोटावर रक्ताचा थेंब होता आणि तिच्या हातात पिन.

"कधी टोचलीस?" त्यानं विचारलं.

झालं. याउपर काही सांगायला उरलं नव्हतं. कार्त्यायनीचा चेहरा पांढराफटक पडला. "त्याला खाली बोलवा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बोलवा."

"नाही बोलावता येत. फांदी निम्मी कापलीय. आता उतरायला लागला तर तिच्याखालून यावं लागेल. वाऱ्यानं मोडली तर थेट अंगावर." त्याचा आवाज फुटला. "ही एक उतरवायलाच पाहिजे, कार्त्यायनी. मी सांगणार होतो. देवाशप्पथ सांगणार होतो."

बोलायला वेळच नव्हता. वेलायुधनच्या संसारात तिनं या खुणा रोज ऐकल्या होत्या. तिनं दोरी त्याच्या दातांतून काढून घेतली, स्वतःच्या मुठीला गुंडाळली आणि दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. "एक थाप मारली की थांबा. दोन मारल्या की सोडा. मागं बघू नका." मग तिनं कापूस त्याच्या कानात परत घातला. आणि एक गोष्ट केली, तिचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही. खांद्यावरच्या पंच्याचा बोळा करून तिनं स्वतःच्या तोंडात कोंबला.

वर करवत पुन्हा सुरू झाली. फांदी करकरली, तुटली, दोर ताणला गेला. पाठीवर दोन थापा. अवराच्चननं सैल केलं. फांदी उतरू लागली, हातभर, दोन हात. आणि वाऱ्याचा झोत आला. फांदी गिरकी घेऊन घराकडे वळली. तिच्या फाट्यात प्रसन्ननच्या कमरेचा, त्याला झाडाला बांधून ठेवणारा जाड दोर अडकला. फांदी आणखी खाली गेली असती तर तिनं त्यालाही बुंध्यावरून ओढून काढलं असतं.

पाठीवर एक थाप. सणसणीत.

अवराच्चननं आवळलं. हातांना कळत नव्हतं, म्हणून त्यानं दोर कमरेला लपेटला आणि सगळं अंग मागे टाकलं. फांदीचा शेंडा टीचरच्या कौलांवर घासू लागला. कौलं धडाधड फुटत खाली आली. त्याच्या कानांत कापूस होता, पण कुंपण त्याच्या डोळ्यांसमोर होतं. वीसच्या वीस तोंडं उघडत होती नि मिटत होती, आणि प्रत्येक तोंडावर एकच शब्द दिसत होता. सोड! सोड! चाक्को तर हातातला ग्लास टाकून दोन्ही हातांनी खुणा करत होता. एकोणतीस वर्षांपूर्वीचा तो आवाज कापसातून आरपार त्याच्या डोक्यात घुमला. पण पाठीवरचा हात हलला नाही. दुसरी थाप पडली नाही.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. चाक्को नंतर दहा मिनिटं सांगायचा. दोन झाली असतील फार तर. वर प्रसन्नननं एका हातानं बेचकं धरून दुसऱ्या हातानं कमरेचा दोर फाट्यातून सोडवला.

मग पाठीवर दोन थापा पडल्या. हळूच.

फांदी जमिनीवर टेकली. कार्त्यायनीनं खुणेची दोरी लांब ओढली, म्हणजे खाली ये, आणि मटकन खाली बसली. अवराच्चननं कापूस काढला. तिनं तोंडातला बोळा काढला. तो लाळेनं चिंब झाला होता आणि दातांनी फाटला होता.

"हा कशाला?" त्यानं विचारलं.

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ओरडू नये म्हणून. आंब्याच्या वेळी ओरडले ती मीच, चेट्टा. फांदी त्यांच्याकडे वळलेली दिसली आणि तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, सोडलं की फांदी त्यांच्यापासून लांब जाईल."

"ठाऊक आहे मला."

तिनं मान वर केली. "कधीपासून?"

"तेव्हापासूनच. रोज डबा घेऊन यायचीस, तुझा आवाज मला ओळखू येणार नाही का?"

"मग गावाला हात सुटला म्हणून का सांगितलंत? एकोणतीस वर्षं लोकांची बोलणी खाल्लीत. मी रोज वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. मलाच धीर झाला नाही. म्हणून पोराला तुमच्या दोरावर धाडलं. म्हटलं, निदान तुमच्या माथ्यावरचा ठपका तरी उतरेल."

"तोंड तुझं होतं, कार्त्यायनी," अवराच्चन म्हणाला. "पण हात माझेच होते ना?"

एवढ्यात प्रसन्नन उतरला. खांद्याला खरचटलं होतं. "अम्मा? तू इथं काय करतेस? आणि मधेच का बोलावलं? निम्मं झाड बाकी आहे."

अवराच्चननं दोन्ही तळवे पुढे केले. आता त्याला अडखळायला झालं नाही. "मोने, पोरा, या हातांना काही कळत नाही. ओणमपासून. मी तुला सांगितलं नाही."

प्रसन्नन त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. "ओणमपासून? म्हणजे ती चार झाडं..."

"दातांनी."

"दातांनी!" प्रसन्नन ओरडला. कुंपणावरची मंडळी एकदम गप्प झाली. "माझ्या बापाला पाडलंत, तेवढ्यानं भागलं नाही?"

अवराच्चननं मान खाली घातली. हे वाक्य त्याला कधी ना कधी ऐकायचंच होतं.

"त्यांनी नाही पाडलं," कार्त्यायनी म्हणाली. उठायचं बळ नव्हतं, म्हणून बसूनच बोलली. मुलासमोर, चाक्कोसमोर, सगळ्या कुंपणासमोर. कोण ओरडलं होतं, कुणी झाकलं, किती वर्षं झाकलं, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. रडत होता तो अवराच्चन.

प्रसन्नन त्या पाडलेल्या फांदीवरच बसला. टीचर फुटक्या कौलांमधून वाट काढत आल्या होत्या, त्याही आल्या पावली परत फिरल्या. शेवटी त्यानं विचारलं, "मग मघाशी मी झटका दिला, तेव्हा फांदी थांबली. दोर कुणी धरला होता?"

कार्त्यायनीनं मूठ उघडली. खुणेच्या दोरीचे वळ तळहातात रुतले होते. "मी," ती म्हणाली. मग अवराच्चनकडे पाहून म्हणाली, "आणि यांनी."

त्या दोरीचं दुसरं टोक अजून प्रसन्ननच्या कमरेला होतं. त्यानं गाठीला हात लावला, पण ती सोडली नाही.

"राग गेलाय माझा, असं कुणी समजू नका," तो म्हणाला. मग आईच्या मुठीतून दोरी न काढता तो अवराच्चनच्या शेजारी येऊन जमिनीवर बसला.